हरित आवार : फलकावरचे आणि नोंदवहीतले

२०२५ सालचा गुढीपाडवा रविवारी, ३० मार्च रोजी आला होता. उपासनेच्या वर्षातील तो प्रायश्चित्तकाळाचा चौथा रविवार. दुसऱ्या दिवशी रमजान ईद. तेलुगू बांधवांच्या घरी उगादीचा सण होता, सरकारी कार्यालये व न्यायालये बंद होती. नेमक्या त्या सलग सुट्यांत हैदराबाद विद्यापीठाच्या आवाराला जोडून असलेल्या कांचा गच्चीबावली येथील चारशे एकर रानात जेसीबी यंत्रे शिरली. विद्यार्थी हे रान आजवर आपल्या आवाराचाच भाग मानत आले होते. यंत्रे आल्याचे कळताच ते वसतिगृहांतून धावत निघाले आणि यंत्रांपुढे उभे राहिले. पोलिसांनी पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांना ताब्यात घेतले, दोघांना न्यायालयीन कोठडीत जावे लागले. झाडे पाडण्याचे काम मात्र चालूच राहिले.

पुढे काय झाले ते वृत्तपत्रांतून वाचकांनी वाचलेच असेल. ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. तेलंगणा उच्च न्यायालयाच्या निबंधकांना त्याच दिवशी जागेवर जाऊन पाहणी करण्यास सांगण्यात आले. सुमारे शंभर एकरांवरील झाडे-झुडपे नष्ट झाली असून परिसरात मोर, हरणे व अन्य पक्षी दिसतात, असे त्या पाहणीतून पुढे आले. न्या. भूषण गवई व न्या. ऑगस्टीन मसीह यांच्या पीठाने पुढील आदेशापर्यंत सर्व कामे थांबवली. वनक्षेत्र ओळखण्यासाठी राज्य शासनाने १५ मार्च रोजीच समिती नेमली होती. तिचे काम होण्यापूर्वी एवढी घाई कशासाठी, हा न्यायालयाचा प्रश्न होता. १६ एप्रिलला न्यायालयाने त्या शंभर एकरांच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा मागितला; मे महिन्यात, सरन्यायाधीश झालेल्या न्या. गवई यांनी सलग सुट्यांचा फायदा घेतल्याबद्दल शासनाला खडे बोल सुनावले. ऑगस्टमध्ये विकास व पर्यावरण यांची सांगड घालणारी योजना मांडण्याची तयारी शासनाने दाखवली आणि न्यायालयाने त्यासाठी मुदत दिली. दरम्यान, विद्यार्थ्यांवरील गुन्हे मागे घेण्याचे निर्देश राज्य शासनाने एप्रिलमध्येच दिले होते.

या घटनेकडे केवळ 'विद्यार्थी विरुद्ध सरकार' अशा नजरेने पाहण्यात अर्थ नाही, असे आम्हांस वाटते. आपल्या देशातील जवळजवळ प्रत्येक विद्यापीठ व महाविद्यालय आज स्वतःला 'हरित आवार' म्हणवते. प्रवेशद्वारावर तसे फलक आहेत, संकेतस्थळावर तशी छायाचित्रे आहेत. मग त्या हिरवेपणात विद्यार्थ्याचे स्थान नेमके कोणते? वृक्षारोपणाच्या दिवशी फावडे धरणारा मजूर, की त्या भूमीविषयी माहिती बाळगणारा, प्रश्न विचारणारा व निर्णयात सहभागी होणारा जबाबदार घटक? हैदराबादच्या घटनेने हा प्रश्न आपल्या दारात आणून ठेवला आहे.

भूमीची कथा

प्रथम वस्तुस्थिती नीट समजून घेऊ. हैदराबाद विद्यापीठाचा जन्मच एका राजकीय तडजोडीतून झाला आहे. तेलंगण व आंध्र या दोन्ही भागांत उसळलेल्या आंदोलनांनंतर १९७३ साली सहा कलमी सूत्र ठरले. त्यातील एक कलम हैदराबादेत केंद्रीय विद्यापीठ स्थापण्याचे होते. त्यासाठी राज्यघटनेत अनुच्छेद ३७१-ई घालण्यात आला आणि १९७४ साली संसदेच्या कायद्याने विद्यापीठ उभे राहिले. शहरापासून दूर, खडकाळ माळरानावर सुमारे २,३०० एकर जागा त्याला देण्यात आली. त्या काळी तेथे कोणाला जावेसे वाटत नसे. पुढे माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, भोवताली काचेचे मनोरे उभे राहिले आणि त्याच माळरानाला सोन्याचे मोल आले. गेल्या पन्नास वर्षांत त्या जागेचे तुकडे निरनिराळ्या कामांसाठी दिले गेले.

वादातील चारशे एकर २००३-०४ च्या सुमारास तत्कालीन शासनाने एका खासगी क्रीडा कंपनीला दिले होते. २००६ साली नव्या शासनाने तो व्यवहार रद्द केला. मग कंपनी व सरकार यांच्यात दीर्घकाळ खटला चालला आणि २०२४ साली तो सरकारच्या बाजूने संपला. तेव्हा शासनाने ती जागा औद्योगिक पायाभूत सुविधा महामंडळाकडे सोपवली. ही जमीन सरकारचीच आहे, ती विद्यापीठाच्या नावे कधी झालीच नव्हती, असे शासनाचे म्हणणे. येथे येणाऱ्या प्रकल्पांतून पन्नास हजार कोटींची गुंतवणूक व पाच लाख रोजगार उभे राहतील, असा दावाही करण्यात आला. विद्यापीठाने मात्र, सीमांकनास आपण संमती दिली होती हे महामंडळाचे विधान जाहीरपणे नाकारले.

शासनाची बाजू आम्ही मुद्दाम सविस्तर मांडली आहे. तरुणांना रोजगार हवा आहे, हे कोण नाकारील? आपल्या धर्मग्रामांतील कित्येक मुले-मुली हैदराबाद, पुणे व बंगळुरू येथील अशाच मनोऱ्यांत काम करून घर चालवत आहेत. परंतु जमिनीची मालकी कोणाची, हा एक प्रश्न आहे आणि त्या जमिनीवर जे जिवंत आहे त्याचे काय करायचे, हा दुसरा. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशापासून 'वन' या शब्दाचा अर्थ सरकारी नोंदीपुरता राहिलेला नाही. मालकी कोणाचीही असो, शब्दाच्या रूढ अर्थाने जे वन आहे त्याला संरक्षण मिळते. सातबारा हाती आहे म्हणून सुट्टीच्या दिवशी रान साफ करता येत नाही, हा या प्रकरणाचा कायदेशीर गाभा आहे.

नोंदवहीचे बळ

आता विद्यार्थ्यांकडे वळू. यंत्रांपुढे उभे राहण्याचे धैर्य त्यांनी दाखवले, त्याची छायाचित्रे देशभर झळकली. परंतु आमच्या मते त्यांचे खरे बळ त्याआधीच्या अनेक वर्षांत साठत गेले होते. या विद्यापीठातील निसर्गप्रेमी विद्यार्थी व माजी विद्यार्थी वर्षानुवर्षे पहाटे दुर्बीण घेऊन आवारात फिरत आले आहेत. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात कोठे दिसला, हे ते टिपून ठेवत. पक्षिनिरीक्षकांच्या 'ई-बर्ड' या जागतिक नोंदसंग्रहात या आवारातील पक्ष्यांच्या दोनशेहून अधिक जाती अशाच नोंदींतून जमा झाल्या आहेत. चितळ, मोर, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेली कासवे, 'पीकॉक लेक' व 'बफेलो लेक' नावाचे जलाशय, सुमारे अडीचशे कोटी वर्षांच्या ग्रॅनाइट शिळा या साऱ्यांची माहिती त्यांनी जमवली होती. कोणी त्यांना त्यासाठी गुण दिले नव्हते की प्रमाणपत्र दिले नव्हते.

म्हणूनच मार्चअखेरीस 'ही नुसती पडीक जमीन आहे' असे सांगितले जाऊ लागले, तेव्हा विद्यार्थ्यांपाशी घोषणांपलीकडे काहीतरी होते. येथे काय आहे, किती आहे, कधीपासून आहे, हे ते सांगू शकत होते. वृत्तपत्रांतून व याचिकांतून पक्ष्या-प्राण्यांची जी नावे येऊ लागली, त्यांमागे अशी शांतपणे केलेली वर्षांची मेहनत होती. जे मोजलेले नाही ते गेल्याची दादही मागता येत नाही. ज्या गावच्या विहिरींची, बावखलांची व ओढ्यांची यादी कोणी केलेली नसते, त्या गावातील पाणवठे एके दिवशी नकाशावरून नाहीसे होतात आणि ते होते हे सिद्ध करायला म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींखेरीज काही उरत नाही. हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

दुसरी एक गोष्टही येथे प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. आंदोलन ऐन भरात असताना समाजमाध्यमांवर काही चित्रे वेगाने फिरू लागली : जेसीबीपुढे पळणारी हरणे, आक्रोश करणारे मोर. त्यांपैकी काही चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेली होती. शासनाने नेमक्या त्याच गोष्टीवर बोट ठेवले, नोटिसा पाठवल्या आणि काही दिवस चर्चा तुटलेल्या झाडांवरून खोट्या चित्रांकडे वळली. शंभर एकर रान खरोखरच गेले होते. त्यासाठी खोट्या चित्राची गरज नव्हती. सत्य बाजूने असताना जो असत्याचा आधार घेतो, तो आपलीच साक्ष दुबळी करतो. आपल्या तरुणांनी हा धडा विसरू नये. मोबाइलवर आलेले हृदयद्रावक चित्र पुढे पाठवण्यास एक क्षण लागतो, पक्ष्यांची खरी यादी करण्यास दहा वर्षे लागतात. न्यायालयात टिकते ती यादी.

कागदावरचा हिरवेपणा

हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी हे जे स्वयंस्फूर्तीने केले, ते देशातील प्रत्येक पदवीधराला करता यावे अशी व्यवस्था कागदावर केव्हाच झालेली आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर सक्तीचा करण्यास सांगितले. त्यानंतर बारा वर्षे गेली. न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम लागू केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांनी लिहिले, ही आपल्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट. या अभ्यासक्रमाचे शेवटचे प्रकरण प्रत्यक्ष क्षेत्रभेटीचे होते : नदी, डोंगर, प्रदूषित जागा, ओळखीची झाडे व पक्षी यांचा विद्यार्थ्याने स्वतः जाऊन अभ्यास करावा, अशी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात काय घडले, हे ज्यांची मुले गेल्या वीस वर्षांत महाविद्यालयातून बाहेर पडली त्यांना विचारावे. अनेक ठिकाणी क्षेत्रभेटीचा प्रकल्प म्हणजे आधल्या वर्षीच्या विद्यार्थ्याकडून घेतलेली वही किंवा झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा तयार मजकूर. नदीवर न जाता नदीचा अहवाल लिहिला जातो, शिक्षक सही करतात आणि गुणपत्रिकेत गुण जमा होतात. काही तळमळीचे शिक्षक याला अपवाद आहेत, त्यांना आम्ही वंदन करतो. परंतु अपवादाने नियम झाकता येत नाही.

संस्थांच्या पातळीवर हाच प्रकार मूल्यांकनाच्या निमित्ताने दिसतो. नॅकच्या सात निकषांच्या चौकटीत सातवा निकष संस्थेची मूल्ये व उत्तम उपक्रम यांविषयीचा होता. सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण, कचऱ्याची विल्हेवाट, वाहनमुक्त आवार, हरित लेखापरीक्षण, ऊर्जा लेखापरीक्षण या साऱ्यांना त्यात स्थान होते. हेतू निःसंशय चांगला. त्यामुळे अनेक महाविद्यालयांच्या छतांवर सौर तावदाने आली, दिवे बदलले, काही ठिकाणी विजेचे बिल खरोखरच उतरले. तथापि, मूल्यांकन समिती येणार म्हणून कुंड्या आणल्या जातात आणि ती गेल्यावर त्या परत जातात, हेही आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

आमचाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमास आम्हांस बोलावले होते. फीत कापून गांडूळखत प्रकल्पाचे उद्घाटन झाले, टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली. पुढच्या वर्षी त्याच संस्थेत जाण्याचा योग आला तेव्हा सहज म्हणून त्या हौदाचे झाकण उचलून पाहिले. आत उद्घाटनाच्या दिवशीचा वाळलेला हार होता आणि दुसरे काही नव्हते. मागच्या बाजूला उपाहारगृहातील उष्टे अन्न प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून नगरपालिकेच्या गाडीची वाट पाहत होते. सोबत असलेल्या विद्यार्थिनीला आम्ही विचारले, "रोज किती अन्न वाया जाते?" ती म्हणाली, "फादर, ते आम्हांला कोणी सांगत नाही." त्या मुलीच्या उत्तरात साऱ्या दुखण्याचे मूळ आहे. त्या संस्थेत हौद होता, निधी होता, इच्छाही असावी. परंतु रोज तेथे जेवणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या कामाचे मालक कोणी केलेच नव्हते. ज्याला हिशोब सांगितला जात नाही, त्याच्याकडून जबाबदारीची अपेक्षा तरी कशी करावी?

चिकाटीने विचारलेला प्रश्न

हिशोब विचारणारे विद्यार्थी काय साधू शकतात, याचे उदाहरण एका कॅथलिक विद्यापीठातच सापडते. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील जॉर्जटाऊन विद्यापीठ हे येशूसंघीयांनी चालवलेले, १७८९ साली स्थापन झालेले, त्या देशातील सर्वांत जुने कॅथलिक विद्यापीठ. तेथील विद्यार्थ्यांच्या एका गटाने गेल्या दशकाच्या आरंभी एक साधा प्रश्न विचारला : विद्यापीठाला मिळालेल्या देणग्यांचा जो मोठा निधी गुंतवलेला आहे, तो कोणत्या कंपन्यांत आहे? आवारात झाडे लावायची, दिवे बंद करायला सांगायचे आणि निधी मात्र कोळसा व खनिज तेलाच्या कंपन्यांत ठेवून नफा घ्यायचा, यात विसंगती नाही का?

विश्वस्तांनी लगेच होकार दिला नाही. निधीचे उत्पन्न घटले तर गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांचे काय, ही त्यांची चिंता खोटी नव्हती. परंतु त्या विद्यापीठात सामाजिक जबाबदारीच्या दृष्टीने गुंतवणुकीचा विचार करणारी एक समिती होती आणि विद्यार्थ्यांना तिच्यापुढे आपले म्हणणे मांडता येत होते. त्यांनी अभ्यास करून निवेदने दिली. २०१५ साली विश्वस्तांनी कोळसा खाणींचा प्रमुख व्यवसाय असणाऱ्या कंपन्यांत थेट गुंतवणूक न करण्याचे ठरवले. २०१८ साली डांबरमिश्रित वाळूतून तेल काढणाऱ्या कंपन्या वगळण्यात आल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये विद्यार्थ्यांनी सार्वमत घेतले. मत देणाऱ्यांपैकी सुमारे नव्वद टक्के विद्यार्थी जीवाश्म इंधनांतील गुंतवणूक काढून घेण्याच्या बाजूने होते. त्याच महिन्यात विश्वस्तांनी तसा निर्णय जाहीर केला : शेअर बाजारातील अशी गुंतवणूक पाच वर्षांत आणि खासगी स्वरूपाची दहा वर्षांत संपवायची.

या कालक्रमातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. २०१५ च्या निर्णयासाठी झटलेले बहुतेक विद्यार्थी २०२० साली तेथे नव्हते. एका तुकडीने सुरू केलेले काम पुढच्या तुकडीने उचलले, तिने तिच्या पुढच्या तुकडीकडे दिले. विद्यार्थ्यांचा उत्साह चार दिवसांचा असतो, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. तो उत्साह टिकवायचा तर त्याला नोंदींची, समितीची व उत्तर मिळण्याची व्यवस्था लागते. अशी व्यवस्था असेल तर माणसे बदलली तरी काम चालू राहते.

ओहायो राज्यातील डेटन विद्यापीठाने २०१४ साली, म्हणजे 'लाउदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध होण्याच्या एक वर्ष आधीच, असा निर्णय घेतला होता. अमेरिकेतील कॅथलिक विद्यापीठांत ते पहिले. १८ जून २०१५ रोजी प्रसिद्ध झालेल्या त्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणाच्या शिक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले. पाण्याची बचत, कचऱ्याचे वर्गीकरण, गरजेपुरतेच अन्न शिजवणे, वृक्ष लावणे अशा लहान कृतींचे मोल त्यांनी सांगितले. पण त्याच परिपत्रकात, पर्यावरणावर परिणाम करणाऱ्या प्रकल्पांच्या निर्णयात स्थानिक लोकांचा सहभाग व कारभाराची पारदर्शकता यांचाही आग्रह त्यांनी धरला आहे. लहान कृतींचा भाग आपण प्रवचनांतून पुष्कळ सांगितला; पारदर्शकतेचा भाग सांगायला मात्र आपण थोडे संकोचतो. कारण तो आपल्यालाही लागू पडतो.

आपल्या राज्यात

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर येथे एक वेगळी अडचण आहे. हैदराबाद विद्यापीठात विद्यार्थ्यांनी निवडून दिलेली संघटना होती. त्या संघटनेत राजकीय पक्षांची चढाओढ असते हे खरे. तरीही संकट आले तेव्हा विद्यार्थ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला तरी होता. आपल्या राज्यात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदांच्या निवडणुकांची तरतूद केली. परंतु २०१७ साली कायदा अमलात आल्यानंतरही अनेक वर्षे त्या निवडणुका झाल्या नाहीत. पूर्वीच्या निवडणुकांतील हिंसाचाराची आठवण हे त्यामागील एक कारण. ती भीती अनाठायी नाही. पण परिणाम असा झाला की, आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी बहुधा स्वयंसेवक असतो, प्रतिनिधी नसतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात तो बंधारा बांधतो, किनारा स्वच्छ करतो. आपल्याच महाविद्यालयाच्या विहिरीचे पाणी कोठे जाते, हे विचारण्याची जागा मात्र त्याला नसते.

श्रमदानाला आम्ही कमी लेखत नाही. हाताला माती लागल्याशिवाय मातीविषयी प्रेम उपजत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, श्रमदान ही सहभागाची पहिली पायरी आहे. दुसरी पायरी माहितीची. प्रत्येक इमारतीत महिन्याला किती युनिट वीज जळते, टँकर किती येतात, वसतिगृहात रोज किती किलो अन्न उष्टे पडते, आवारात किती जातींची झाडे आहेत व गेल्या वर्षी किती तोडली, हे आकडे सूचनाफलकावर लागले पाहिजेत. ते गोळा करण्याचे काम विद्यार्थ्यांकडेच द्यावे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी बिलांचा हिशोब मांडील, विज्ञान शाखेचा झाडे मोजील, कला शाखेचा आसपासच्या वृद्धांना भेटून जुन्या पाणवठ्यांची माहिती लिहून घेईल. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या संस्थांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्यास सांगितले होते. आपले महाविद्यालय त्यात बसते का, हे शोधणे हाच एक उत्तम प्रकल्प आहे. झेरॉक्सच्या दुकानात तो मिळणार नाही.

तिसरी पायरी निर्णयाची. नवी इमारत कोठे बांधायची, झाड कापायचे की आराखडा बदलायचा, वाहनतळ वाढवायचा की बससेवेची मागणी करायची, अशा प्रश्नांवर विचार करणाऱ्या समितीत दोन विद्यार्थी बसले तर आकाश कोसळत नाही. ते कधी चुकतील, कधी हट्ट धरतील, कधी पैशाचे गणित न समजून बोलतील. ते शिकण्यासाठीच तर आले आहेत. आणि त्यांनीही आपली दुसरी बाजू ओळखली पाहिजे. हरणांसाठी अश्रू ढाळणारा विद्यार्थी जेवणाच्या ताटात अर्धी पोळी टाकून उठत असेल, दहा मिनिटांच्या वाटेसाठी दुचाकी काढत असेल, रिकाम्या वर्गात पंखे फिरत ठेवून निघून जात असेल, तर व्यवस्थापनाला जाब विचारण्याचा त्याचा अधिकार तितकाच उणा होतो.

आपल्या अंगणात

हे सारे लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे आपल्या संस्था आहेत. ख्रिस्तसभा या देशात हजारो शाळा व शेकडो महाविद्यालये चालवते. त्यांतील कित्येक संस्थांकडे गावातील शेवटचे मोकळे मैदान, शेवटची आमराई किंवा शेवटची जुनी विहीर शिल्लक आहे. वसईतील वाचकांना 'हरित वसई' चळवळीचे दिवस आठवत असतील. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांचे सहकारी पाणी, झाडे व शेती यांच्या रक्षणासाठी उभे राहिले, तेव्हा अनेकांनी विचारले होते, 'धर्मगुरूंचे हे काम आहे का?' तो प्रश्न विचारणाऱ्यांच्या नातवंडांना आज उन्हाळ्यात टँकरचे पाणी विकत घ्यावे लागत असेल, तर उत्तर वेगळे देण्याची गरज नाही.

पण त्या चळवळीचा वारसा सांगायचा तर आपल्या आवारांचा हिशोबही आपण उघडा ठेवला पाहिजे. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, २०२१ साली, 'लाउदातो सी' कृतिमंच सुरू झाला. कुटुंबे, धर्मग्राम व धर्मप्रांत, शाळा व विद्यापीठे, रुग्णालये, संघटना, उद्योग व शेती, धर्मसंघ अशा सात क्षेत्रांना त्याने आवाहन केले : आपण आज कोठे आहोत ते आधी तपासा, मग योजना करा, मग दरवर्षी किती पुढे गेलो ते पाहा. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी, कांचा गच्चीबावलीचे प्रकरण न्यायालयात असतानाच, देवाघरी गेले. त्यांच्या आठवणीत आपण झाडे लावली. ते योग्यच झाले. ती झाडे आज कशी आहेत, हे कोणी पाहिले का?

येथे धर्मग्रामस्थांना एक सूचना करावीशी वाटते. तुमचा मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात जात असेल, तर या आठवड्यात जेवताना त्यांना सहज विचारा : तुमच्या आवारातील पाणी कोठून येते? कचरा कोठे जातो? आवारातील सर्वांत जुने झाड कोणते? बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. त्यांना रागावू नका. उत्तर शोधून आणायला सांगा. आणि ती संस्था आपली असेल, ख्रिस्तसभेची असेल, तर प्राचार्यांना व आम्हा धर्मगुरूंना तोच प्रश्न तुम्हीही नम्रपणे विचारा. विचारणाऱ्यांवर आम्ही रुष्ट होणार नाही, एवढे वचन या स्तंभातून देतो.

हैदराबादच्या त्या शंभर एकरांवर पूर्वीसारखे रान उभे राहायला आजच्या विद्यार्थ्यांचे केस पांढरे व्हावे लागतील. उरलेले तीनशे एकर वाचतात की नाही, हे शासनाची योजना, न्यायालयाचा निर्णय व लोकांची जागरूकता यांवर अवलंबून आहे. परंतु ज्या विद्यार्थ्यांनी पहाटे उठून पक्षी मोजले, त्यांनी एक काम करून ठेवले आहे : तेथे काय होते, हे आता कोणालाही नाकारता येणार नाही. आपल्या आवारांविषयी असे लिहून ठेवणारे कोणी आहे का? नसेल, तर जूनमध्ये महाविद्यालये उघडतील तेव्हा एका कोऱ्या वहीने सुरुवात करता येईल.